चौखूर

चारही चाकांना ताकद, मॅडम,
असं केंडलच्या शोरूममधला पोरगा म्हणाला होता.
अभिरामने तेवढंच ऐकलं आणि सही केली.
मला रंग आवडला नव्हता. ओल्या पाटीचा रंग,
इथल्या आभाळाचा, छपरांचा, मेंढरांच्या पाठीचासुद्धा.

गाडी चांगली आहे. खोटं कशाला बोलू?
जानेवारीत आमच्या चढावर शेजाऱ्यांची व्हॅन
जागच्या जागी पाय घासत राहिली
आणि ही शहाण्या बैलासारखी वर गेली.
त्या दिवसापासून मी बेफिकीर झाले असेन.
कधी, ते नेमकं सांगता येत नाही.
पासष्टचे सत्तर होतात, सत्तरचे चौऱ्याहत्तर,
आणि आत हीटर चालू असतो, लिमलेटची गोळी गालात.

नोव्हेंबरातला मंगळवार. कार्लाईलची ड्यूटी संपवून
शॅपचा माथा ओलांडला.
पाऊस पडत नव्हता, आडवा चालला होता.
डावीकडे दुधाचा टँकर, त्याच्या चाकांतून उठणारं पांढरं धुकं,
मी मधल्या लेनमध्ये, त्याला मागे टाकायच्या बेतात.

आधी आवाज गेला.
पत्र्याखाली पाण्याचा जो खळखळाट चालू होता
तो थांबला, कुणीतरी दार लावून घ्यावं तसा.
मग स्टिअरिंग हलकं झालं.
रहाट ओढताना दोर तुटावा
आणि हातात फक्त हातांचंच वजन उरावं, तसं.
इंजिन मात्र जोरात ओरडलं,
आणि चारही चाकं इमानाने फिरत होती.
पाण्यावर.

चौखूर, हा शब्द तेव्हा आठवला.
आजोळी सुटलेल्या घोड्यासाठी वापरायचे.
त्यात एक क्षण असा असतो, मामा सांगायचा,
की चारही खूर हवेत असतात.

ब्रेककडे पाय निघालाच होता.
मिसेस डॉबसन, माझ्या परीक्षेआधीच्या मास्तरीण,
सत्तरीच्या, गुडघ्यावर लोकरीची शाल घेऊन बसणाऱ्या,
त्या म्हणायच्या, घसरलीस तर काही करू नकोस,
पण ते नीट कर.
मी पाय उचलला. चाक सरळ धरलं.
टँकरचा पिवळा दिवा खिडकीत आला,
इतका जवळ, की त्याच्या काचेवरची भेग दिसली.
एक. दोन.
तीनला रस्ता परत आला,
एक हिसका, मग तो खळखळाट.
एवढा गोड आवाज मी या देशात ऐकला नाही.

टीबेला थांबले. चहा घेतला, प्यायले नाही.

दुसऱ्या दिवशी टायरवाल्या रेग टायसनने
वीस पेन्सचं नाणं मागच्या टायरच्या खाचेत उभं केलं.
नाण्याची कड उघडीच राहिली.
तो हसला नाही, रागावलाही नाही.
चार चाकांची ताकद निघायला, म्हणाला.
थांबायला ब्रेक चार चाकांना असतातच,
माझ्या आईच्या जुन्या डबड्यालाही होते.
आणि पाणी काही गाडीचं नाव वाचत नाही.

मी फिजिओ आहे. दिवसभर माणसांना सांगते,
तळवा पूर्ण टेकवा, वजन जमिनीला द्या.
एवढ्या मोठ्या गाडीचं आणि या बेटाचं नातं
चार तळहातांएवढ्या जागेवर टिकलेलं असतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं असेल, आणि हीटर चालू असेल.

आता साठ. पाऊस असला तर पंचावन्न.
मागचे लोक दिवे मारतात, मारू देत.

काल अभिराम फोनवर पुण्याच्या मित्राला सांगत होता,
अरे, रस्त्याला चिकटून चालते, पावसात तर बघच.
मी कणीक मळत होते.
त्याला अजून काही सांगितलेलं नाही.
किल्ल्यांच्या वाटीत एक वीस पेन्सचं नाणं आहे,
दोनदा त्याने ते पार्किंगसाठी उचललं,
दोनदा मी दुसरं ठेवलं.